जुनी सेडान ठेवावी की बदलावी: लोखंडाचा नव्हे, रबर-प्लास्टिकचा हिशोब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २००१ची बीएमडब्ल्यू ५३०आय, म्हणजे ई३९ पिढीची ५-सिरीज, सहा वर्षं तुमच्याकडे आहे. १,७०,००० किलोमीटर झालेत. मागच्या महिन्यात घाट चढताना तापमानाचा काटा एकदा वर सरकला आणि परत जागेवर आला. दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना हलका झटका बसतो. नव्वदच्या वेगाला ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. मोठे ब्रेक, अठरा इंची चाकं आणि नवीन स्क्रीन बसवायचं तुमच्या मनात आहे. दुसरीकडे असंही वाटतंय की हे सगळं सोडून मर्सिडीजची डब्ल्यू२११ ई-क्लास किंवा लेक्सस एलएस घ्यावी.

उत्तर आधीच देतो: गाडी ठेवा. पण काटा एकदा वर जाऊन आलाय, तेव्हा कूलिंगचं काम होईपर्यंत ती लांब नेऊ नका. ब्रेक, चाकं, स्क्रीन हे सगळं त्यानंतर. बावीस वर्षं मी याच वर्गातल्या गाड्या उघडतोय. मालकांचे पैसे वाया जाताना पाहिले ते बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे. गाडीला पाणी टिकत नाही आणि मालक चाकं निवडतोय, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता चाकांबद्दल विचारलं की मी आधी बोनेट उघडायला सांगतो.

या गाड्या म्हाताऱ्या कशा होतात ते आधी सांगतो. इंजिनातला क्रँक, पिस्टन, गिअरबॉक्समधले दात हे लोखंड वेळेवर तेल मिळालं तर तीन-चार लाख किलोमीटर सहज जातं. थकतं ते रबर, प्लास्टिक आणि त्यांच्यातून वाहणारं तेल-पाणी. त्यांचं वय किलोमीटरवर मोजता येत नाही, वर्षांवर आणि उष्णतेवर मोजावं लागतं. मर्सिडीजच्या डब्ल्यू१२४चं उदाहरण घ्या. तिच्या शेवटच्या वर्षांत, साधारण १९९२ ते १९९५ मध्ये, इंजिनाच्या वायरिंगला जे आवरण वापरलं होतं ते उष्णतेने कडक होऊन गळून पडतं. वायर नुसती वाकवली तरी आवरणाचे कपचे हातात येतात आणि तांबं उघडं पडतं. मग इंजिन मिसिंग करतं, कधी सुरूच होत नाही, आणि लोक कॉइल, सेन्सर, कंट्रोल युनिट एकामागून एक बदलत बसतात. गाडी किती चालली याचा त्याच्याशी फार संबंध नाही. म्हणून 'फक्त ६०,००० किलोमीटर चाललेली, नव्यासारखी' अशी वीस-पंचवीस वर्षांची गाडी कुणी दाखवली की मी जास्त बारकाईने पाहतो. चालली नाही म्हणजे तिच्यावर काही खर्चही झालेला नाही, सगळं मूळचंच आहे आणि सगळं एकदम संपायला आलंय.

आता तुमच्या काट्याकडे. ई३९च्या मीटरमधला तापमानाचा काटा कंपनीने मुद्दाम शांत ठेवलाय. पाणी साधारण ७५ अंशांवर गेलं की काटा मधोमध येतो आणि पार ११० अंशांपर्यंत तिथेच राहतो, म्हणजे चालवणाऱ्याच्या जिवाला उगाच घोर नको. याचा दुसरा अर्थ असा की काटा मधून हलला तेव्हा पाणी धोक्याच्या हद्दीत गेलेलंच होतं. तुम्ही 'एकदाच, थोडा वेळ' म्हणताय, पण मी ते हलकं घेणार नाही. खरं तापमान मीटरच्या लपलेल्या चाचणी मेनूत अंकात दिसतं, किंवा साध्या स्कॅनरवर पाहता येतं. तुमच्या एम५४ इंजिनाचा थर्मोस्टॅट ९७ अंशांचा आहे, त्यामुळे एका लयीत चालताना आकडा ९५ ते १००च्या आसपास खेळणं ठीक. सिग्नलला थोडा वर जाऊन खाली येणंही ठीक. चढतच राहिला, ११०कडे निघाला, तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा. 'पुढच्या वळणापर्यंत जाऊ' असं करू नका. या इंजिनाचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे. जास्त तापलं की हेड वाकतं ते वाकतंच, वर हेड बोल्टचे ब्लॉकमधले आटे सुटतात. मग नुसतं गॅस्केट बदलून भागत नाही. ब्लॉकला नवे आटे बसवावे लागतात आणि ते काम नीट करणारे हात कमी आहेत.

प्लास्टिक जुनं होतं म्हणजे नेमकं काय होतं ते एका प्रसंगावरून सांगतो. अशाच एका सहा सिलिंडरच्या सेडानचा रेडिएटर काढत होतो. वरच्या होसची क्लिप ओढली, होस हलक्या हाताने फिरवला, आणि रेडिएटरचं प्लास्टिकचं तोंड तुटून होसमध्येच राहिलं. साधा 'टक्' आवाजही झाला नाही. तुटलेल्या कडेवरून बोट फिरवलं तर खडूसारखी भुकटी आली, तपकिरी. मालक त्याच सकाळी तीनशे किलोमीटर चालवून आला होता आणि काटा पूर्ण वेळ मधोमध होता. ते तोंड रस्त्यात तुटलं असतं तर मिनिटाभरात सगळं पाणी बाहेर. आणि पाणीच नसलं की सेन्सर वाफेत लोंबकळत राहतो, काटा कधी कधी काहीच सांगत नाही.

म्हणून ई३९चं कूलिंग तुकड्या-तुकड्यांत करायचं नाही. रेडिएटर, एक्स्पान्शन टँक आणि त्याचं झाकण, थर्मोस्टॅट, वॉटर पंप, वरचे-खालचे होस, फॅनचा व्हिस्कस क्लच, पट्टे आणि त्यांचे पुली-टेन्शनर, सगळं एकाच बैठकीत. यातला एकच भाग नवा बसवला की दाब परत पूर्ण बनतो आणि पुढचा सगळ्यात कमजोर भाग फुटतो. टँक बदलल्यावर दोन महिन्यांत रेडिएटर गेला, असं सांगत आलेले मालक मला आठवतात. त्यांना वाटतं नशीब खराब. पंप घेताना आतली पंख्याची चकती धातूची किंवा चांगल्या कंपोझिटची आहे ना ते पाहा. जुन्या पंपांतली प्लास्टिकची चकती दांड्यावर सैल होऊन नुसतीच फिरते. कूलंट कंपनीने सांगितलेलंच, डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं. रंगावरून कूलंट जुळवू नका. निळ्या रंगाचे दोन द्रव रसायनाने पूर्ण वेगळे असू शकतात आणि चुकीचं मिश्रण आत चिखल करतं.

हवा काढणं हे या कामाचं शेवटचं आणि सगळ्यात जास्त बिघडवलं जाणारं टोक. इग्निशन चालू, इंजिन बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा सगळ्यात कमी वेगावर, म्हणजे हीटरचे व्हॉल्व्ह उघडतात. मग ब्लीड स्क्रू उघडा ठेवून अगदी सावकाश भरायचं, बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत. तो स्क्रू प्लास्टिकचा आहे. बोटांनी लागतो तितका लावा, वर पान्याने ताकद लावू नका. दुसऱ्या दिवशी गाडी पूर्ण थंड असताना पातळी परत पाहा.

आता गिअरचा झटका. 'आयुष्यभर तेल बदलायची गरज नाही' असं या पिढीच्या बऱ्याच ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवर लिहिलेलं असतं. पण यातले कितीतरी गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः आपल्या गिअरबॉक्ससाठी ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षं असा तेलबदल सांगते. मर्सिडीजनेही आपल्या पाच गिअरच्या ७२२.६ साठी पुढे तेलबदलाची मुदत दिली. तेव्हा 'आयुष्यभर' हा शब्द कुणाच्या आयुष्याबद्दल आहे ते समजून घ्या: पहिल्या मालकाच्या वॉरंटीच्या.

५३०आयला बाजारपेठेनुसार झेडएफ किंवा जीएमचा पाच गिअरचा ऑटोमॅटिक मिळाला आणि दोघांचं तेल वेगळं आहे. आधी गाडीखाली जाऊन चेंबरवरचं, म्हणजे गिअरबॉक्सखालच्या तेलाच्या भांड्यावरचं, लेबल वाचा, मग तेल मागवा. 'सगळ्या गिअरबॉक्सना चालतं' असं लिहिलेला डबा घेऊ नका. मशीन लावून दाबाने फ्लश करणाऱ्याकडेही जाऊ नका. चेंबर उतरवा, फिल्टर बदला, गॅस्केट नवं टाका, निघेल तेवढं तेल निघू द्या आणि तेवढंच भरा. हजारभर किलोमीटरनंतर हवं तर पुन्हा एकदा.

चेंबर उतरला की सगळ्यात आधी आतली चुंबकं बघा. त्यावर राखाडी, लोण्यासारखी मऊ पेस्ट असली तर ते रोजचं झिजणं आहे, पुसून टाका. बोटांना कच लागली, चमकणारे पातळ कपचे दिसले किंवा तेल काळं होऊन जळका वास आला, तर क्लचप्लेट संपत आल्यात. अशा गिअरबॉक्सला नवं तेल घातल्यावर तो आठवड्याभरात सरकायला लागतो आणि लोक म्हणतात तेलाने मारला. तेलाने नाही, तो आधीच गेलेला होता. जुन्या तेलात तरंगणाऱ्या चुऱ्यावर कसाबसा पकडत होता. पण हेही खरं की अशा वेळी मालकाला आधी सांगायला हवं. न सांगता तेल बदलणारा मेकॅनिक चूक करतो.

पातळीचं गणित तर बहुतेक ठिकाणी चुकतं. या गिअरबॉक्सना डिपस्टिक नाही. इंजिन चालू ठेवून, सगळ्या गिअरमधून लीव्हर एकदा फिरवून, तेल साधारण ३० ते ५० अंशांत असताना भरायच्या भोकातून बारीक धार बाहेर यायला हवी. थंड तेलावर धार येईपर्यंत भरून प्लग लावला तर गरम झाल्यावर तेल जास्त होतं. उलट लांब चालवून आलेल्या गरम गाडीवर पातळी पाहिली तर तेल फुगलेलं असतं, धार लवकर येते आणि गिअरबॉक्स अर्धा-पाऊण लिटर उपाशी राहतो. स्कॅनर जोडून तेलाचं तापमान पाहूनच हे करा. तुमचा झटका हलका आहे आणि फक्त एकाच ठिकाणी आहे, त्यामुळे मला आशा आहे.

थरथर. इथे तुम्ही मोठ्या ब्रेककडे वळलात हे समजतं, कारण ब्रेक दाबल्यावर थरथरतं म्हणजे डिस्क वाकडी, असंच सगळे सांगतात. ई३९मध्ये ८० ते १००च्या मधल्या वेगातली थरथर बहुतेक वेळा पुढच्या थ्रस्ट आर्मच्या (पुढचं चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या दांड्याच्या) बुशची, म्हणजे जोडावरच्या रबराची असते. त्या बुशमध्ये रबराच्या आत द्रव भरलेला असतो. बुश फाटला की द्रव बाहेर येतो, आर्मवर ओलसर काळा ओघळ दिसतो, आणि चाकातला किंवा डिस्कमधला किरकोळ असमतोल जो बुशने गिळायला हवा तो थेट तुमच्या हातात येतो. नवीन डिस्क टाकली की दोन-तीन हजार किलोमीटर बरं वाटतं, मग पुन्हा सुरू. तुमच्या ५३०आयला कंपनीने ५४०आयच्याच मापाच्या, ३२४ मिलिमीटरच्या पुढच्या डिस्क दिल्या आहेत. ब्रेक लहान नाहीत तुमचे, आर्म सैल आहेत.

आणि आर्म बदलून घेताना एक गोष्ट स्वतः उभं राहून पाहा. माझ्याकडे एक गाडी आली होती, दोन वर्षांत तीनदा आर्म बदललेले. प्रत्येक वेळी चांगल्या पुरवठादाराचा माल, पावत्या होत्या. मालक म्हणाला, आता असले भाग पूर्वीसारखे येत नाहीत. मी लिफ्टवर घेतली, बुशचा बोल्ट सैल केला आणि बुश जवळजवळ वीस अंश आपोआप फिरला. कळलं. आधीच्या गॅरेजमध्ये प्रत्येक वेळी चाकं हवेत लोंबकळत असताना बोल्ट घट्ट केले होते. या बुशमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या धातूला चिकटवलेलं असतं, ते फिरत नाही, पिळलं जातं. चाक लोंबत असताना आवळलं की गाडी जमिनीवर ठेवल्यापासूनच रबर पिळलेलं राहतं आणि प्रत्येक खड्ड्यात आणखी पिळलं जातं. सहा-आठ महिन्यांत फाटतं. बोल्ट आधी नुसते हातघट्ट, मग गाडीचं वजन चाकांवर येऊ द्यायचं, गाडी पुढे-मागे ढकलून सस्पेन्शन बसू द्यायचं, आणि तेव्हा टॉर्क रेंचने आवळायचं. मी त्या गाडीला तसेच आर्म बसवले, फक्त या पद्धतीने. पाच वर्षं झाली, अजून तेच आहेत. अलाइनमेंट शेवटी, बीएमडब्ल्यूच्या पद्धतीत त्या वेळी सीटवर ठरावीक वजन ठेवतात, ते ठेवणाऱ्याकडेच करा.

इंजिनाच्या बाकीच्या गोष्टी पटकन सांगतो. तेल पीत असेल तर इनटेकच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) खालचा क्रँककेस व्हेंटिलेशनचा व्हॉल्व्ह पाहा, त्याचा पडदा फाटतो. खालच्या आरपीएमला दम कमी वाटत असेल तर व्हॅनॉसच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेच्या, आतल्या सील कडक झाल्यात. इनटेकवरचा, हवेची वाट बदलणारा डिसा व्हॉल्व्ह बाहेर काढून त्याची झडप हलवून पाहा. सैल असेल तर लगेच बदला, कारण तिची पिन निसटून इंजिनात जाते. आणि स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे इंजिनाचा संगणक इंधन किती वाढवतो-घटवतो तो आकडा, बघायची सवय लावा. आयडलिंगला ट्रिम खूप वर आणि २,५०० आरपीएमला खाली येत असेल तर कुठूनतरी चोरटी हवा शिरतेय, बहुतेक एअर फिल्टरच्या पुढच्या रबरी बूटला खालून चीर असते. ऑक्सिजन सेन्सर मागवण्याआधी तो बूट हातात घेऊन ताणून पाहा.

बॅटरी रात्रीत उतरते अशी तक्रार पुढे कधी आली तर: गाडी लॉक करून १६ मिनिटं थांबा, मग मीटर लावा. तोवर या गाडीचे मॉड्यूल झोपत नाहीत आणि लोक उगाच घाबरतात. झोपल्यावर ५० मिलिअँपिअरच्या आत हवं. जास्त असेल तर एसीच्या पंख्याचा रेझिस्टर हा पहिला संशयित.

आता अपग्रेड. माझं मत ठाम आहे: अशा गाडीचा सगळ्यात मोठा अपग्रेड म्हणजे तिला ती नवीन असताना होती तशी करणं. ज्यांनी ई३९ कधी नवीन चालवली नाही त्यांना कल्पनाच नसते की ती किती शांत आणि किती नेमकी होती. नवीन शॉकॲब्सॉर्बर, त्यांची वरची माउंटिंग, पुढचे आर्म, मागचे बॉल जॉइंट, इंजिन आणि गिअरबॉक्सची माउंटिंग, ब्रेकचे रबरी होस आणि ताजं ब्रेक ऑइल हे एका दमात झालं की गाडी ओळखू येत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ चा उकळबिंदू कोरडं असताना किमान २३०, ओलावा शिरल्यावर १५५ अंश धरतात. घाट उतरताना पेडल मऊ पडतं ते यामुळे. दर दोन वर्षांनी बदला.

भाग घेताना बीएमडब्ल्यूच्याच खोक्यासाठी अडून बसू नका. सस्पेन्शनसाठी लेमफर्डर, शॉकसाठी सॅक्स किंवा बिल्स्टीन, थर्मोस्टॅटसाठी बेर किंवा माले ही गाड्यांच्या कारखान्यांनाच माल देणारी नावं आहेत. लेमफर्डरच्या आर्मवर कधी कधी बीएमडब्ल्यूचा शिक्का घासून काढलेला दिसतो. पॉलियुरेथेनचे बुश मात्र रोजच्या गाडीला घालू नका. स्टिअरिंग थोडं धारदार होतं, पण रस्त्याची प्रत्येक चीर केबिनमध्ये ऐकू येते आणि ज्यासाठी ही गाडी घेतली तेच जातं.

अठरा इंची चाकांबद्दल: चाक आणि टायर जड झाले की शॉकचं काम वाढतं आणि पातळ टायरमुळे रिम वाकते. सतरा इंचावर २३५/४५ हे कंपनीचंच माप आहे, तिथेच थांबा. आणि वापरलेली चाकं घेणार असाल तर हबचं भोक मोजा. बीएमडब्ल्यूच्या त्या काळातल्या बहुतेक गाड्यांचं भोक ७२.६ मिलिमीटर, ई३९चं ७४.१. पाचही बोल्ट जुळतील, चाक मात्र हबवर बसणार नाही. टायर नवे म्हणून मिळाले तरी बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. '१४१७' म्हणजे २०१७चा चौदावा आठवडा, मग खाच कितीही खोल दिसो.

दिव्यांत नुसते एलईडी बल्ब खुपसू नका. रिफ्लेक्टर हॅलोजनच्या तारेसाठी बनलाय. प्रकाश विखुरतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. ई३९मध्ये दिवा खाली पाहतो त्याचं कारण बहुधा आतले प्लास्टिकचे ॲडजस्टर तुटलेले असतात. ते बदलून काच पॉलिश केली की रात्र वेगळीच दिसते. स्क्रीन बसवा, हरकत नाही, पण मूळचा ॲम्प्लिफायर आणि वायरिंग कापू नका, ॲडॅप्टर वापरा. मीटरमधली अक्षरं तुटक दिसत असतील तर त्याच वेळी रिबन केबल दुरुस्त करून घ्या.

उरली तुलना. डब्ल्यू२११ ही एक गाडी नाही, दोन गाड्या आहेत: २००६च्या फेसलिफ्टआधीची आणि नंतरची. आधीच्या गाड्यांत एसबीसी नावाची इलेक्ट्रॉनिक ब्रेकप्रणाली आहे. तुमचा पाय पेडलवर, पण दाब बनवतो पंप. ते युनिट ब्रेक किती वेळा दाबला ते मोजत असतं आणि ठरलेला आकडा गाठला की इशारा देतं. बंद पडली तर फक्त पुढच्या चाकांवर, लांब पेडलने ब्रेक लागतात. घरी ब्रेकपॅड बदलणाऱ्यांनी तर ही गाडी लक्षात ठेवावीच, कारण नुसतं दार उघडलं तरी प्रणाली जागी होऊन पिस्टन दाबू शकते. प्रणाली आधी रीतसर बंद केल्याशिवाय कॅलिपरला हात लावायचा नाही, बोटं जायची. फेसलिफ्टनंतर कंपनीने साधे हायड्रॉलिक ब्रेक परत आणले, मी तीच घेईन. पण तिथे इंजिन पाहा. एम२७२ या व्ही६ च्या सुरुवातीच्या काही वर्षांतल्या इंजिनांत बॅलन्स शाफ्टचे दात झिजतात आणि ते काम इंजिन उतरवून करावं लागतं. इंजिन क्रमांकावरून ते आधीचं की सुधारलेलं ते कळतं. त्याआधीचं एम११२, प्रत्येक सिलिंडरला दोन प्लगवालं, या बाबतीत निर्धास्त. डिझेलमध्ये जुनं सरळ सहा सिलिंडरचं ओएम६४८ मला नंतरच्या व्ही६ ओएम६४२ पेक्षा जवळचं. ओएम६४२ चांगलं इंजिन आहे, पण त्याच्या ऑइल कूलरच्या सील दोन्ही बँकांच्या, म्हणजे सिलिंडरच्या दोन रांगांच्या, मधल्या खोलीत आहेत. सील हाताच्या बोटाएवढी, काम दोन दिवसांचं. एअर सस्पेन्शन असेल तर गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी चारही कोपऱ्यांची उंची मोजा. कोपरा बसला असेल तर फुगा गळतोय आणि कॉम्प्रेसरही थकत आलाय.

लेक्सस एलएस टिकाऊपणात या सगळ्यांच्या पुढे आहे, हे मी जर्मन गाड्यांवर पोट भरणारा माणूस मनापासून सांगतो. एलएस ४०० १९८९मध्ये आली, एलएस ४३० २००० ते २००६. दोघींच्या व्ही८ ला टायमिंग बेल्ट आहे, तो साधारण दीड लाख किलोमीटरला वॉटर पंपासकट बदलायचा. पहिल्या एलएस ४०० मध्ये बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह वाचतात. १९९७मध्ये व्हीव्हीटी-आय (व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा) आल्यापासून आणि एलएस ४३०मध्ये वाचत नाहीत. विकणारा 'हे इंजिन काही होत नाही' म्हणाला तर बेल्टची पावती मागा. एलएस ४००मध्ये पॉवर स्टिअरिंगचा पंप गळला की तेल खालच्या ऑल्टरनेटरवर ठिबकतं, मग एका सीलपायी ऑल्टरनेटरही जातो. स्टार्टर इनटेकखाली, दोन बँकांच्या मध्ये बसलाय. तो बिघडतो क्वचित, पण बिघडला की दिवस जातो. एवढं सोडलं तर ही गाडी तुम्हाला विसरू देते की ती जुनी आहे. फक्त तुम्ही ई३९च्या स्टिअरिंगला सरावलेले आहात. सहा सिलिंडरच्या ई३९ला रॅक-पिनियन, म्हणजे दातेरी पट्टीचं स्टिअरिंग आहे, व्ही८ला नाही, आणि हातात जे कळतं ते ५३०आयमध्ये सगळ्यात सुंदर कळतं. एलएसमध्ये ते मुद्दाम गाळून टाकलंय. वळणाचा रस्ता आवडत असेल तर महिन्याभरात तुम्हाला चुकल्यासारखं होईल.

जॅग्वारच्या एक्स३०८ला (एक्सजे सेडानला) टायमिंग चेनचे प्लास्टिकचे टेन्शनर आहेत, ते बदलल्याचा पुरावा नसेल तर घेऊ नका. ऑडीची ए८, १९९४पासूनची, ॲल्युमिनियमची बॉडी म्हणून गंजत नाही, पण व्ही८चा टायमिंग बेल्ट बदलायला गाडीचं पूर्ण नाक पुढे सरकवावं लागतं. दोन्ही चांगल्या गाड्या, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर नव्हेत.

कोणतीही बदली गाडी पाहायला गेलात तर इंजिन पूर्ण थंड असताना पहिला स्टार्ट तुमच्यासमोर व्हायला हवा. आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या. स्कॅनरवर नुसते कोड वाचू नका, मॉनिटर, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या तपासण्या, पूर्ण झालेत का तेही पाहा. कोड नाहीत आणि मॉनिटर अपूर्ण असतील तर नुकतेच कुणीतरी कोड पुसलेत.

तुमच्या गाडीला मी ठेवा म्हणतोय त्याचं कारण सहा वर्षांचा तिचा इतिहास तुमच्या हातात आहे, आणि समोर आलेल्या तिन्ही तक्रारी रबर, प्लास्टिक आणि तेलाच्याच दिसतात. एकच गोष्ट माझं मत बदलेल: गंज. लिफ्टवर घेऊन चारही जॅक लावायच्या जागांची रबरी पॅड काढा आणि आतला पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. डिकीच्या झाकणाची खालची कड आणि इंधनाच्या झाकणामागची जागाही पाहा. टोक आत गेलं तर कूलिंगवर पैसे घालण्याआधी थांबा आणि पत्र्याचं काम करणाऱ्या चांगल्या माणसाला दाखवा.

पत्रा ठणठणीत निघाला तर आधी कूलिंग, मग गिअरबॉक्सचा चेंबर, मग पुढचे आर्म. चेंबर उतरवाल तेव्हा चुंबकं पुसण्याआधी त्यांचे फोटो काढा आणि मला दाखवा. तिसऱ्या गिअरच्या झटक्याबद्दल त्यानंतरच नक्की काही सांगता येईल.